गाण्यात श्रद्धा कुठे असते? नाताळची गाणी, एक एक्सेल शीट आणि आजीचा प्रश्न



पेटचा निकाल लागला की दोन-तीन जण तरी सिनॉप्सिस दाखवायला माझ्याकडे येतात. मी रसायनशास्त्राची. गाढी नदीच्या पाण्यातले जड धातू मोजणं हा माझा पीएच.डी.चा विषय. त्यामुळे समाजशास्त्र किंवा साहित्यातला विषय आला की मी सरळ हात जोडते. पण गेल्या डिसेंबरात आमच्याच सोसायटीतली एक ज्युनिअर लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, विषय राहू दे, फक्त पद्धत बरोबर आहे का ते बघ." पद्धत म्हटल्यावर मला नाही म्हणता येईना.

तिचा विषय होता, नाताळच्या गाण्यांतली ख्रिस्ती श्रद्धा. घर मूळ अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, तीन पिढ्या मराठी ख्रिस्ती. आता नवीन पनवेलला. कॉलेजात तिला हमखास विचारलं जायचं, "तुमची गाणी इंग्लिशमध्ये असतात ना?" त्या प्रश्नाला कंटाळूनच तिने हा विषय घेतला होता.

तिने केलं होतं असं. तीस गाणी गोळा केली. काही मराठी, काही इंग्रजी. मग शब्दांची यादी केली: येशू, ख्रिस्त, प्रभू, बेथलेहेम, गव्हाणी, तारा, मेंढपाळ, देवदूत. इंग्रजी गाण्यांसाठी याच शब्दांचे इंग्रजी प्रतिशब्द. प्रत्येक गाण्यात हे शब्द किती वेळा येतात ते मोजलं, गाण्याच्या एकूण शब्दसंख्येने भागलं आणि जो आकडा आला त्याला नाव दिलं 'श्रद्धा निर्देशांक'. एक्सेल शीट सुबक होती. आलेखही रंगीत.

तिची आजी शेजारीच बसली होती. तिने विचारलं, "माझं गाणं कितव्या नंबरावर आलं गं?" आजीचं गाणं म्हणजे पेटी-तबल्यावर म्हटलं जाणारं एक भजन. लहानपणापासून ती ते दर नाताळात गाते. ते यादीत अठ्ठाविसावं होतं आणि समोर शेरा होता, 'सामान्य भक्तिगीत'. कारण त्यात 'माउली' होतं, 'गुरू' होतं, आणि 'ख्रिस्त' एकदाच, शेवटच्या कडव्यात.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गावात लोक म्हणायचे, तुम्ही बाटले. आता तुझं यंत्र म्हणतंय, गाणं पुरेसं ख्रिस्ती नाही. मग आम्ही आहोत तरी कोण?"

खोलीत कोणीच काही बोललं नाही. या प्रश्नाला सिनॉप्सिसमध्ये उत्तर देता आलं पाहिजे, असं मला तेव्हाच वाटलं. आजचा लेख त्याबद्दल आहे. तुमचा विषय नाताळची गाणी नसेल, पण जे डोळ्यांना दिसत नाही ते मोजायची वेळ तुमच्यावरही येणार आहे.

आधी ब्लँक चालवा

आमच्या लॅबमध्ये नदीचं पाणी मशीनला देण्याआधी आम्ही ब्लँक चालवतो. म्हणजे शुद्ध पाणी घ्यायचं, त्यावर तीच सगळी प्रक्रिया करायची आणि आकडा काय येतो ते बघायचं. शुद्ध पाण्यातही शिसं दिसलं, तर दोष पाण्याचा नाही, तुमच्या भांड्यांचा किंवा रसायनांचा आहे.

गाण्यांच्या अभ्यासात ब्लँक काय असेल? जिथे ख्रिस्ती श्रद्धा नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे, असं गाणं. आम्ही दोन घेतली. एक 'जिंगल बेल्स'. डिसेंबरात पनवेलच्या कुठल्याही मॉलमध्ये शिरा, हेच वाजत असतं. जेम्स लॉर्ड पियरपॉन्टचं हे गाणं १८५७ मध्ये एका घोड्याच्या घसरगाडीच्या नावाने प्रसिद्ध झालं. त्यात येशू नाही, बेथलेहेम नाही, इतकंच काय, नाताळ हा शब्दही नाही. बर्फातली मौज आहे. तिच्या यादीने याला शून्य दिलं. ठीक.

दुसरा ब्लँक मी सुचवला, कृष्णाचा पाळणा. जन्माष्टमीला मध्यरात्री आपण म्हणतो तसा. त्यात रात्र आहे, बाळ आहे, आई आहे, गरिबीच्या किंवा संकटाच्या जागी झालेला जन्म आहे, आनंदोत्सव आहे. तिने यादीत नंतर 'बाळ', 'रात्र', 'जन्म', 'आनंद' हे शब्द वाढवायचं ठरवलं होतं, म्हणजे जास्त गाणी सापडतील. ते वाढवताच कृष्णाचा पाळणा ख्रिस्ती गाण्यांच्या वर जाऊन बसला! कंसाच्या तुरुंगात जन्मलेलं बाळ आणि गव्हाणीत ठेवलेलं बाळ यांच्यातला फरक त्या यादीला दिसतच नव्हता.

ब्लँकने आम्हाला पहिली गोष्ट शिकवली. प्रसंग सारखा असू शकतो. फरक असतो तो त्या प्रसंगाबद्दल गाणं काय म्हणतंय यात.

मग स्पाइक

ब्लँकनंतर आम्ही स्पाइक करतो. नमुन्यात ठरावीक मात्रेत धातू स्वतःहून घालायचा आणि मशीनला तो परत सापडतो का ते तपासायचं. घातलेल्या दहा भागांतले दोनच सापडले, तर पद्धत आंधळी आहे.

इथे स्पाइक म्हणजे श्रद्धेने काठोकाठ भरलेलं आहे हे निर्विवाद असलेलं गाणं. आम्ही 'जॉय टू द वर्ल्ड' घेतलं. आयझॅक वॉट्सने ते १७१९ मध्ये छापलं, स्तोत्रसंहितेच्या ९८व्या स्तोत्राच्या आधारे. मूळ हिब्रू स्तोत्र येशूच्या कितीतरी आधीचं. (पनवेलमधलं बेने इस्रायलींचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं आहे. त्या परंपरेतही ही स्तोत्रं पवित्रच आहेत.) वॉट्सने त्या स्तोत्रातला देवाच्या राज्याचा आनंद ख्रिस्ताच्या येण्याला जोडला. जगाचा राजा आला आहे, सृष्टीवरचा शाप उठणार आहे, आता प्रत्येकाने मनात त्याला जागा करावी, असा त्याचा आशय.

पण या गाण्यात गव्हाणी नाही. तारा नाही, मेंढपाळ नाहीत, मरिया नाही, बेथलेहेमही नाही. तिच्या यादीतून ते जवळजवळ रिकाम्या हाताने बाहेर आलं. जगभरच्या चर्चमध्ये नाताळला गायलं जाणारं गीत तिच्या शीटवर तिसाव्या नंबरच्या आसपास! स्पाइक नापास.

दुसरा स्पाइक होता चार्ल्स वेस्लीचं १७३९ सालचं 'हार्क! द हेराल्ड एंजल्स सिंग'. याची सुरुवात देवदूतांनी होते, म्हणून यादीला ते थोडंफार सापडलं. पण त्याचा खरा ऐवज पुढे आहे. देवाने मानवी देह धारण केला, माणसाला मरणातून सोडवायला, त्याला नवा जन्म द्यायला तो जन्मला, हे ते गाणं एकेका कडव्यात बांधत नेतं. यादीने देवदूत मोजले आणि देहधारणा सोडून दिली. लग्नाला जाऊन मांडवाचे खांब मोजून यावं, तसं झालं.

मोजायचं काय, हे आधी लिहून काढा

इथपर्यंत आल्यावर आम्ही लॅपटॉप बंद केला आणि कागद घेतला. सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनो, ही पायरी टाळू नका. 'श्रद्धा' हा शब्द मोजता येत नाही. त्याची कामापुरती व्याख्या करावी लागते. आशय-विश्लेषण नावाची संशोधनपद्धत नेमकं हेच शिकवते. क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांचं या विषयावरचं १९८० सालचं पुस्तक आजही वाचलं जातं. मजकुराचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला कोणत्या नियमाने कोणता कोड द्यायचा ते आधी लिहायचं, आणि तो नियम दुसऱ्या माणसालाही वापरता आला पाहिजे.

आम्ही एकक बदललं. शब्दाऐवजी कडवं. आणि प्रत्येक कडव्याला विचारायचे प्रश्न ठरवले.

हे कडवं फक्त ऋतू आणि सणाबद्दल बोलतंय का? थंडी, घंटा, घरची ओढ, भेटवस्तू. अर्व्हिंग बर्लिन या ज्यू संगीतकाराचं, १९४२ च्या चित्रपटातून गाजलेलं 'व्हाइट ख्रिसमस' पूर्णपणे इथे बसतं.

की ते गोष्ट सांगतंय? मेंढपाळ आले, तारा दिसला, गव्हाणीत बाळ निजलं.

की त्या गोष्टीचा अर्थ सांगणारं विधान करतंय? हे बाळ कोण आहे, ते का आलं, त्याने काय बदललं.

की ते थेट त्याच्याशी बोलतंय? हाक, विनवणी, समर्पण.

एका गाण्यात चारही प्रकार सापडू शकतात, म्हणून कोड गाण्याला नाही, कडव्याला द्यायचा. ख्रिस्ती श्रद्धेचा आशय शोधताना तिसरा आणि चौथा प्रकार मुख्य धरायचा, हा आमचा निर्णय. तो आम्ही कारणासह लिहून ठेवला. बेथलेहेममध्ये एक मूल जन्मलं ही झाली गोष्ट. तो जन्म म्हणजे देवाचं माणसांत येणं, हे झालं विधान. ख्रिस्ती माणसाचा विश्वास या विधानावर आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडून बघा. तिथे गव्हाणीचा उल्लेखही नाही, तरी नाताळचा अर्थ त्या अध्यायात आहे.

सत्तर टक्के म्हणजे पास?

नियम लिहिले, तरी ते चालतात का हे एकट्याने ठरवता येत नाही. म्हणून दुसरी कोडर मी झाले. दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून कोडिंग केलं. दोघींचं किती जुळलं हे बघायला नुसती टक्केवारी पुरत नाही, कारण काही जुळणी निव्वळ योगायोगाने होते. त्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला कप्पा वापरतात.

समजा २० कडवी आहेत आणि प्रश्न एकच: विधान आहे की नाही? ९ ठिकाणी दोघी 'आहे' म्हणाल्या, ५ ठिकाणी दोघी 'नाही' म्हणाल्या, ४ ठिकाणी फक्त ती 'आहे' म्हणाली आणि २ ठिकाणी फक्त मी. जुळणी १४, म्हणजे ०.७०. छान वाटतं. पण ती एकूण १३ वेळा 'आहे' म्हणाली (०.६५) आणि मी ११ वेळा (०.५५). योगायोगाने अपेक्षित जुळणी ०.६५ × ०.५५ अधिक ०.३५ × ०.४५, म्हणजे ०.५१५. कप्पा = (०.७० − ०.५१५) ÷ (१ − ०.५१५) = सुमारे ०.३८. सत्तर टक्के जुळूनही कप्पा इतका कमी. म्हणजे नियमपुस्तिका अजून कच्ची आहे. व्हायव्हात हा प्रश्न येतो, पाठ करू नका, एकदा हाताने सोडवून बघा.

आता जे जुळत नाही ते फेकून द्यायचं नसतं. आमचे मतभेद कुठे होते ते बघितलं, तर बहुतेक एकाच जागी: 'माउली', 'गुरू', 'चरण', 'शरण'. जिथे हे शब्द, तिथे तिने 'ख्रिस्ती हाक' लिहिलं होतं आणि मी 'सामान्य'. माझ्या कानात माउली म्हणजे ज्ञानोबा, नाहीतर विठोबा. तिच्या कानात ती हाक येशूला होती. चूक माझी होती. मी शब्दाला त्याच्या गाणाऱ्यापासून तोडून वाचत होते.

'माउली' कुणाची?

इथे थोडा इतिहास लागतो, आणि तो आपल्याच भाषेतला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. त्यातल्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचं चरित्र जन्मापासून येतं, आणि स्वर्गासाठी स्टीफन्स चक्क 'वैकुंठ' हा शब्द वापरतात. म्हणजे 'जिंगल बेल्स'च्या सुमारे अडीचशे वर्षं आधी येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या बाजूला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. पुढे नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये ते गेले, तोवर त्यांनी मराठी चर्चला भजनं आणि अभंग दिले. 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो, असं टिळक म्हणत. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, गुरू म्हटलं. त्यांची गीतं 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आजही प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये गायली जातात. कॅथलिक बाजूला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट दिल्यावर मिस्साच मराठीत होऊ लागला आणि गाणीही.

तेव्हा ख्रिस्ती मराठीत 'माउली' हा शब्द पाहुणा नाही, घरचा आहे. मग आम्ही नियम सुधारला: संबोधन कोणाला आहे ते पूर्ण गाणं वाचून ठरवायचं, शब्द ओळखीचा वाटला म्हणून घाईने कोड द्यायचा नाही. शेवटच्या कडव्यात एकदाच आलेला 'ख्रिस्त' आधीच्या सगळ्या हाकांचा पत्ता सांगतो. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' एकदाच येतं म्हणून बाकीच्या ओळी तुकोबांच्या नाहीत असं आपण म्हणतो का?

गाळलेली कडवी

अजून एक सापळा. तुमच्या हातातलं गाणं पूर्ण आहे का? 'सायलेंट नाइट' हे ऑस्ट्रियातल्या योसेफ मोर या पाद्र्याने १८१६ मध्ये जर्मनमध्ये लिहिलं. फ्रान्झ ग्रुबरच्या चालीवर ते २४ डिसेंबर १८१८ ला ओबर्नडॉर्फ गावात पहिल्यांदा गायलं गेलं. मूळ कडवी सहा. सर्वसाधारणपणे गातात तीन. न गायल्या जाणाऱ्यांपैकी एका कडव्यात येशू जगातल्या सगळ्या लोकांना भाऊ म्हणून कवेत घेतो असा आशय आहे. तीनच कडवी वाचून 'या गाण्यात फक्त शांत रात्रीचं चित्र आहे' असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष छापील पानाबद्दल खरा असेल, मोरच्या गाण्याबद्दल नाही.

'ओ होली नाइट' या १८४७ च्या फ्रेंच गीतातही, बेडीतल्या गुलामाच्या जागी आता भाऊ दिसतो, असं म्हणणारं कडवं आहे. अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध चळवळ चालू असताना जॉन सलिव्हन ड्वाइटने त्याचं इंग्रजी रूप केलं. त्या कडव्याला तिथे काय वजन आलं असेल, याची कल्पना करा. म्हणून सिनॉप्सिसमध्ये लिहा: कोणती आवृत्ती, किती कडवी, मूळ की भाषांतर, आणि प्रत्यक्षात गायली जातात ती कोणती.

मजकूर आणि माणूस

शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा आहे. गाण्याच्या शब्दांतून तुम्हाला कळतं की गाणं काय म्हणतं. गाणाऱ्याचा त्यावर विश्वास आहे का, त्याला त्यातून काय मिळतं, हे शब्दांतून कळत नाही. मॉलमधला गायक पैसे घेऊन वेस्लीचं गीत बिनचूक गाईल. आणि कुणी 'जिंगल बेल्स' ऐकून वडिलांच्या आठवणीने चर्चला जाईल. पहिल्या प्रश्नासाठी आशय-विश्लेषण. दुसऱ्यासाठी मुलाखती. एका पद्धतीने दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायला गेलात, तर समिती तिथेच अडवेल, आणि अडवायलाच हवं.

म्हणून ज्युनिअरने 'श्रद्धा निर्देशांक' हा शब्दच काढून टाकला. नवं शीर्षक लांबलचक आहे, पण प्रामाणिक आहे: मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत नाताळला गायल्या जाणाऱ्या गीतांत देहधारणेची कल्पना कोणत्या शब्दांत आणि कोणत्या संबोधनांतून मांडली जाते. त्यात एक छोटा भाग मुलाखतींचा.

पहिली मुलाखत अर्थात आजीची. मी पाणी प्यायला म्हणून गेले आणि तिथेच बसले. ज्युनिअरने विचारलं, "आजी, या गाण्यात तुझ्यासाठी सगळ्यात मोठं काय आहे?" आजीने येशूचं नाव घेतलं नाही, गव्हाणीचं नाही, ताऱ्याचं नाही. ती म्हणाली, "आला, हे. आमच्या वस्तीवर कोण यायचं गं? पाणीसुद्धा वरून ओतायचे. आणि गाणं म्हणतंय, तो आला. गोठ्यात आला म्हणजे आमच्याकडेच आला की."

'आला'. तीस गाण्यांच्या शब्दयादीत हे क्रियापद आम्ही घेतलंच नव्हतं. नवीन नियमपुस्तिकेत त्याची नोंद आहे, आणि त्यापुढे लिहिलंय: गायिकेच्या सांगण्यावरून.

तुमच्यासाठी एक गृहपाठ. कुठल्याही धर्माचं, तुम्ही लहानपणापासून ऐकलेलं एक गाणं घ्या. त्याची कडवी सुटी करा, वरचे चार प्रश्न विचारा, एका मित्राला वेगळं करायला सांगा आणि जिथे जुळत नाही तिथे थांबा. मग ते गाणं रोज गाणाऱ्या घरातल्या माणसाला विचारा. तुमच्या यादीत नसलेला एक तरी शब्द ते माणूस तुम्हाला देईल. सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद तिथून लिहायला घ्या.